सर्व्हर रात्री पॅनिक होतो आणि लॉगमध्ये काहीच सापडत नाही: तपास कुठून सुरू करायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच लक्षात येईल. डेटाबेस चालवणारा एक लिनक्स सर्व्हर आहे, स्वतंत्र यंत्रावर. तीन आठवड्यांत तो चार वेळा बंद पडला आणि चारही वेळा रात्री. रिमोट कन्सोल उघडलात तर स्क्रीन गोठलेली, आणि शेवटची ओळ 'कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट', म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने, कर्नलने, सावरता न येणारी चूक पाहून काम थांबवलं. तुम्ही फोनने फोटो काढलात, यंत्र बंद-चालू केलंत, मग लॉग उघडलेत, तर क्रॅशच्या वेळचं त्यात अक्षरही नाही. तिसऱ्या क्रॅशनंतर कर्नल अपडेट केलात आणि पॅनिक झाल्यावर दहा सेकंदांनी आपोआप रीस्टार्ट व्हावं अशी सोय केलीत. तरी चौथा क्रॅश आलाच, आणि या वेळी फोटोही मिळाला नाही. आता रॅम बदलू का, आणि त्याच वेळी बायोस अपडेट करून टाकू का, असं तुम्ही विचारताय.

माझं सरळ मत: आत्ता यातलं काहीही बदलू नका. 'क्रॅश का होतो' या प्रश्नापर्यंत तुम्ही अजून पोचलेलाच नाही आहात. त्याच्या आधीचा प्रश्न असा, की पुढचा क्रॅश होईल तेव्हा पुरावा तुमच्या हातात कसा राहील? चार वेळा घटना घडली आणि चारही वेळा पंचनाम्याआधीच जागा धुऊन निघाली. अशा स्थितीत रॅम बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं आहे. लागला तरी तो कशाला लागला हे कळणार नाही.

लॉग रिकामा का आहे ते आधी सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की लॉगिंगच बिघडलंय. कर्नलचे संदेश सर्वात आधी मेमरीतल्या एका रिंग बफरमध्ये जातात. तिथून उचलून ते डिस्कवर लिहिण्याचं काम जर्नल किंवा सिसलॉग करतात, आणि हे दोघेही यूजरस्पेसमधले, म्हणजे कर्नलच्या बाहेर चालणारे, साधे प्रोसेस आहेत. पॅनिक झाला की कर्नल बाकीचे सगळे सीपीयू थांबवतो. मग जर्नलला पाळी मिळतच नाही. 'नॉट सिंकिंग' या शब्दांचा अर्थही तोच: डिस्कवर जायचं राहिलेलं मी आता लिहिणार नाही, कारण मेमरीतलं काय शाबूत आहे याची मला खात्री नाही. बिघडलेल्या मेमरीतला कचरा तुमच्या डेटाबेसच्या फाइलसिस्टमवर लिहिण्यापेक्षा शेवटच्या काही सेकंदांचे लॉग गेलेले बरे, असा हा विचारपूर्वक केलेला हिशोब आहे. त्यामुळे रिकामा लॉग अपेक्षितच आहे.

तरीही जर्नल टिकाऊ साठवणीवर आहे ना, हे पाहून घ्या. व्हार-लॉग-जर्नल ही डिरेक्टरी नसेल तर बहुतेक ठिकाणी जर्नल फक्त मेमरीत राहतो आणि रीस्टार्टबरोबर जातो. ती असेल तर जर्नलसीटीएल -बी -१ -के चालवून मागच्या बूटचे कर्नल संदेश वाचा. क्रॅशचा क्षण त्यात सापडणार नाही, पण त्याआधीचे चार-सहा तास वाचण्यासारखे असतात. डिस्क कंट्रोलरची तक्रार, मेमरीच्या सुधारलेल्या चुका, कर्नलची एखादी वॉर्निंग. कित्येकदा रोग संध्याकाळी दिसलेला असतो, रात्री फक्त जीव जातो.

आता तुमच्या फोटोकडे येतो. 'फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट' हे कारण नाही. कर्नलमध्ये चूक झाली की आधी ऊप्स, म्हणजे त्या चुकीचा अहवाल, येतो. चूक एखाद्या प्रोसेसच्या वतीने काम करताना झाली असेल, तर कर्नल त्या प्रोसेसला मारून पुढे जायचा प्रयत्न करतो. पण तीच चूक इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरने मधेच दिलेली हाक, हाताळताना झाली, तर मारायला योग्य प्रोसेसच नसतो, म्हणून पॅनिक. तेव्हा त्या ओळीतून एवढंच कळतं की चूक इंटरप्टच्या संदर्भात झाली. कोणती चूक, कुठे, कोणत्या पत्त्यावर, हे सगळं वरच्या ओळींत होतं आणि त्या स्क्रीनवरून सरकून गेल्या.

फोटो पुन्हा मोठा करून एक गोष्ट मात्र बघा. 'ऊप्स' असा शब्द असलेली ओळ दिसते का? तिच्यात चौकटी कंसात हॅशचं चिन्ह आणि एक आकडा असतो. तो आकडा १ असेल तर तुम्ही पहिल्या ऊप्सकडे बघताय. २ किंवा ३ असेल, तर तुमच्या समोर मूळ घटना नाहीच. पहिल्या ऊप्सने मेमरीची घडी विस्कटून ठेवली आणि मग त्या ढिगाऱ्यात कुणीतरी दुसरं अडखळलं, त्याचा तो फोटो आहे. पहिला ऊप्स सोडून शेवटच्याचा तपास करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. या एका आकड्याकडे दुर्लक्ष झाल्याने निर्दोष ड्रायव्हरवर आठवडे घालवलेले लोक मी पाहिलेत.

पुरावा पकडायचे मार्ग बरेच आहेत. कोणता लागू पडेल हे तुमच्या यंत्रावर आणि तुम्हाला सर्व्हर कधी रीस्टार्ट करता येतो यावर अवलंबून आहे.

सर्वात आधी, आजच, रीस्टार्ट न करता दोन जागा बघा. पहिली पीस्टोअर. यूईएफआय (बायोसची नवी पिढी) असलेल्या बऱ्याच यंत्रांवर कर्नल मरता मरता शेवटचे संदेश फर्मवेअरच्या कायम मेमरीत टाकू शकतो. पुढच्या बूटला सिस्टमडी ते उचलून व्हार-लिब-सिस्टमडी-पीस्टोअर या डिरेक्टरीत ठेवतो. काही डिस्ट्रिब्युशनांत ही सोय मुद्दाम बंद ठेवलेली असते, पण बघायला अर्धा मिनिट लागतो. तुमच्या चारांपैकी एखाद्या क्रॅशचे शेवटचे शब्द तिथे आधीच पडून असू शकतात. दुसरी जागा म्हणजे यंत्राच्या बीएमसीमधला, म्हणजे मुख्य सिस्टमपासून वेगळ्या चालणाऱ्या देखरेखीच्या चिपमधला, इव्हेंट लॉग. आयपीएमआयटूल सेल लिस्ट ही कमांड तो दाखवते. वीजपुरवठा, तापमान, दुरुस्त न होणारी मेमरीची चूक, पीसीआयची चूक, हे सगळं ऑपरेटिंग सिस्टमला न विचारता तिथे नोंदलं जातं. वाचताना बीएमसीचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळ जुळतंय का हे तपासा. ते अनेकदा वेगळ्या टाइमझोनवर असतं, आणि मग क्रॅशच्या मिनिटाची नोंद डोळ्यांसमोर असून ओळखू येत नाही.

आज रात्रीसाठी नेटकन्सोल लावा. ते मॉड्यूल चालू सर्व्हरवर लोड होतं आणि कर्नलचा प्रत्येक संदेश यूडीपीने दुसऱ्या यंत्राकडे पाठवतं. यूजरस्पेसची गरज नसल्याने पॅनिकच्या वेळचेही संदेश सहसा बाहेर पडतात. कन्सोलची लॉगलेव्हल ८ करायला विसरू नका, नाहीतर कमी तीव्रतेच्या वॉर्निंग पाठवल्याच जाणार नाहीत. याची मर्यादाही ओळखून असा: बिघाड नेमका नेटवर्क ड्रायव्हरमध्येच असेल तर निरोप नेणाराच आजारी, आणि हाती अर्धवट मजकूर येईल. रिमोट कन्सोलवर सीरियल-ओव्हर-लॅन (सीरियल पोर्टचं आउटपुट नेटवर्कवरून देणारी सोय) असेल तर कर्नलचा कन्सोल सीरियल पोर्टवर वळवून ते आउटपुट दुसऱ्या यंत्रावर फाइलमध्ये साठवत राहणं हा त्याहून भरवशाचा मार्ग आहे. त्यासाठी बूट पॅरामीटर बदलावे लागतात, म्हणजे एक रीस्टार्ट लागतो.

खरं हत्यार मात्र केडंप. हे २००५ पासून मुख्य लिनक्स कर्नलमध्ये आहे, तरी माझ्याकडे मदतीला येणाऱ्या निम्म्याहून जास्त सर्व्हरवर ते बंद किंवा अर्धवट असतं. बूट होतानाच मेमरीचा एक तुकडा बाजूला राखून ठेवलेला असतो आणि त्यात दुसरा छोटा कर्नल तयार बसलेला असतो. पहिला पॅनिक झाला की ताबा सरळ या दुसऱ्याकडे जातो. मध्ये बायोस येत नाही, मेमरी पुसली जात नाही. दुसरा कर्नल जागा होऊन मेलेल्या कर्नलची अख्खी मेमरी एका फाइलसारखी वाचतो आणि डिस्कवर उतरवतो. हाच डंप. मेकडंपफाइल हे साधन त्यातली शून्यांची पानं, कॅश, यूजर प्रोसेसचा डेटा आणि मोकळी पानं गाळू शकतं, म्हणून शेकडो जीबी रॅम असली तरी डंप सहसा त्याच्या छोट्याशा अंशात मावतो. राखीव मेमरी किती लागेल हे यंत्रातल्या डिव्हाइसांवर ठरतं. ६४ जीबीच्या वर रॅम असेल तर मी ५१२ एमबीपासून सुरुवात करतो. तुमचा आपोआप रीस्टार्टही यात सुटतो, कारण डंप झाला की यंत्र स्वतःच पुन्हा सुरू होतं. पुरावा न वाचवता नुसता दहा सेकंदांचा रीस्टार्ट लावल्याने सेवा लवकर परत आली हे खरं, पण फोटोही गेला.

केडंप लावलं आणि विसरलं, असं करू नका. ते चालतं की नाही हे फक्त करून बघितल्यावर कळतं. देखभालीच्या वेळेत डेटाबेस नीट बंद करा, डिस्क सिंक करा आणि कर्नलला थेट आदेश देणाऱ्या सिसआरक्यू ट्रिगर फाइलमध्ये 'सी' हे अक्षर लिहून स्वतःहून क्रॅश घडवा. पहिल्या प्रयत्नात डंप मिळेलच असं धरू नका. माझ्याकडे अडलेल्या कारणांत तीन नेहमीची: राखीव मेमरी अपुरी पडणं, दुसऱ्या कर्नलच्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या वेळच्या तात्पुरत्या फाइलसंचात) रेड कंट्रोलरचा ड्रायव्हर नसणं, आणि हार्डवेअर वॉचडॉगने डंप पूर्ण व्हायच्या आत यंत्र रिसेट करणं. शक्य असेल तर डंप नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रावर टाका, म्हणजे आजारी डिस्क कंट्रोलरवर भिस्त राहत नाही. आणि डंपमध्ये कर्नलच्या मेमरीतल्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांसारख्या गोष्टी असू शकतात, तेव्हा तो कुणालाही पाठवण्याआधी विचार करा.

धरून चालू की पाचवा क्रॅश आला आणि डंप मिळाला. बहुतेक वेळा पूर्ण डंप उघडायचीही गरज पडत नाही. त्याच्या शेजारीच अनेक डिस्ट्रिब्युशनांत डीमेसेजची, म्हणजे कर्नलच्या संदेशांची, एक मजकूर फाइल तयार झालेली असते. तिच्यात खालून वर जात पहिला ऊप्स शोधा. समजा ओळ अशी आहे: 'बग: कर्नल नल पॉइंटर डीरेफरन्स, ॲड्रेस: ००००००००००००००५८'. इथे शेवटचं ५८ महत्त्वाचं. कुणाच्या तरी हातात एका स्ट्रक्चरचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, होता, तो रिकामा म्हणजे शून्य निघाला, आणि त्या शून्यापासून हेक्स (सोळाच्या पायावर मोजलेले) ५८, म्हणजे ८८ बाइट अंतरावरचं फील्ड वाचायला कोड गेला. पुढे 'आरआयपी' ची ओळ चूक ज्या फंक्शनमध्ये झाली त्याचं नाव देते. नावापुढे तिरक्या रेषेने तोडलेले दोन आकडे असतात. पहिला म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीपासून किती बाइटांवर हे घडलं, दुसरा म्हणजे फंक्शन एकूण किती लांब आहे. शेवटी चौकटी कंसात मॉड्यूलचं नाव असेल तर तो कोड त्या मॉड्यूलमधला. कॉल ट्रेसमध्ये (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं या यादीत) ज्या ओळींच्या सुरुवातीला प्रश्नचिन्ह असतं त्या सोडून वाचा. ते पत्ते स्टॅकवर पडलेले सापडले, पण खरंच त्या वाटेने कॉल गेला होता याची कर्नललाच खात्री नसते.

पत्त्यातल्या आकड्यांवर थोडं थांबतो, कारण अनुभवी माणूस आणि नवखा यांच्यातला फरक इथे पडतो. ६बी ६बी ६बी अशी रांग दिसली, तर मोकळी केलेली मेमरी कुणीतरी अजून वापरतंय. डीबग चालू असताना कर्नल मोकळा तुकडा याच बाइटने भरून ठेवतो. पत्त्याची सुरुवात इंग्रजी 'डेड' या शब्दाच्या अक्षरांनी झाली आणि शेवट हेक्स १०० किंवा १२२ च्या आसपास असला, तर यादीतून काढून टाकलेल्या घटकाला कुणीतरी पुन्हा हात लावला. आणि पत्ता सगळा ठीक दिसतोय, फक्त एका जागी खटकतंय, तर कागद-पेन घ्या.

असं एक यंत्र माझ्याकडे होतं. दोन महिन्यांत सहा क्रॅश आणि प्रत्येक वेगळ्या ठिकाणी: एकदा फाइलसिस्टममध्ये, एकदा शेड्युलरमध्ये, एकदा टीसीपीच्या कोडमध्ये. प्रत्येक वेळी त्या-त्या ड्रायव्हरवर संशय घेऊन झाला होता. मी चौथ्या डंपमधला रजिस्टर पाहिला. कर्नलचे पत्ते तिथे 'एफएफएफएफ' ने सुरू होत होते, यात मात्र 'एफएफबीएफ' होतं. एफ म्हणजे ११११, बी म्हणजे १०११. एकच बिट उलटलेला. सॉफ्टवेअरची चूक सहसा इतकी नेमकी नसते, ती बाइटच्या बाइट खराब करते. त्या यंत्रात ईसीसी (मेमरीतल्या चुका ओळखून सुधारणारी सोय) नसलेली रॅम होती, म्हणून कुठेही नोंद नव्हती. मेमटेस्टची पहिली रात्र स्वच्छ गेली. मी सोडलं नाही, पट्ट्यांची अदलाबदल करून दोन दिवस चालवला, तेव्हा एक पट्टी सापडली. ती दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकल्यावर चूकही तिच्याबरोबर सरकली. मगच ती बदलली.

तुमच्या रॅमच्या प्रश्नाचं उत्तर याच गोष्टीत आहे. क्रॅश दर वेळी नव्या जागी होत असतील आणि त्या जागांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर मी हार्डवेअरकडे झुकतो. दर वेळी तीच जागा किंवा तोच रस्ता असेल, तर सॉफ्टवेअरकडे. तुमच्याकडे सर्व्हर दर्जाचं यंत्र आहे, म्हणजे बहुधा ईसीसी असेल. मग अंदाज कशाला? रासडीमन बसवा. मेमरीच्या सुधारलेल्या चुका तो पट्टीनिहाय मोजतो. एखाद-दुसरी सुधारलेली चूक महिन्यात दिसली तर मी घाबरत नाही, पण एकाच पट्टीवर आकडा रोज चढत असेल तर ती पट्टी काढायला मला दुसरा पुरावा लागत नाही. आकडे शून्य असतील आणि बीएमसीचा लॉगही स्वच्छ असेल, तर रॅम हा तुमच्या यादीतला मागचा संशयित.

दुसरी घटना तुमच्या जास्त जवळची वाटते. तिथेही रात्रीच क्रॅश व्हायचे, आणि दर वेळी आरआयपीच्या ओळीत कर्नलचं मेमरी देणारं मूळ फंक्शन असायचं, केमेम-कॅश-अलॉक. टीममधल्या एकाने म्हटलं, कर्नलच खराब आहे, बदलूया. पण ते फंक्शन सेकंदाला लाखो वेळा चालतं, जगभरच्या यंत्रांवर चालतं. तेच दोषी असतं तर बोंब आधीच झाली असती. हे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं प्रकरण असतं. स्लब ॲलोकेटर, म्हणजे कर्नलमधला मेमरी वाटणारा भाग, मोकळ्या तुकड्याच्या आतच पुढच्या मोकळ्या तुकड्याचा पत्ता लिहून ठेवतो. कुणी आपला तुकडा परत दिल्यावरही त्यात लिहिलं, तर तो पत्ता बिघडतो. बिघडवणारा केव्हाच निघून गेलेला असतो. नंतर मेमरी मागायला येणारा पहिला निरपराध कोड त्या बिघडलेल्या पत्त्यावर पाय ठेवतो आणि कोसळतो. ट्रेसमध्ये नाव त्याचं.

अशा वेळी डंप बळीची माहिती देतो, गुन्हेगाराची नाही. मग जाळं आधी लावून ठेवावं लागतं. आम्ही स्लब-डीबग हा बूट पॅरामीटर चालू केला. त्याने कर्नल प्रत्येक तुकड्याभोवती खुणेचे बाइट ठेवतो, मोकळा तुकडा ठरावीक बाइटने भरतो, आणि तो कुणी घेतला, कुणी सोडला याचा ट्रेस जपतो. वेग कमी होतो, म्हणून डेटाबेसवर ते सरसकट लावू नका, शक्य तेवढ्या मोजक्या कॅशवर लावा. कर्नल ५.१२ किंवा त्यापुढचा असेल तर केफेन्स हा हलका पर्याय आहे. तो थोड्याच तुकड्यांवर नमुन्यादाखल पहारा ठेवतो, म्हणून पकडायला वेळ लागतो, पण चालू कामावर त्याचा भार जवळजवळ जाणवत नाही. आमच्याकडे तिसऱ्या रात्री 'पॉइझन ओव्हररिटन', म्हणजे मोकळ्या तुकड्यात भरलेले बाइट कुणीतरी बदलले, असा अहवाल आला आणि सोडणाऱ्याच्या ट्रेसमध्ये नाव निघालं बॅकअप सॉफ्टवेअरच्या मॉड्यूलचं. डिस्कवरचे बदल टिपण्यासाठी ते कर्नलमध्ये शिरलेलं होतं, आणि बॅकअप रात्री चालायचा.

म्हणून तुम्ही 'चारही वेळा रात्री' म्हणालात तिथेच माझा कान टवकारला. चारही क्रॅशच्या वेळा मिनिटापर्यंत एका कागदावर लिहा. शेवटचा जर्नल संदेश आणि मॉनिटरिंगचा शेवटचा ठोका यांच्यावरून त्या काढता येतील. शेजारी त्या रात्रीची वेळापत्रकं मांडा: बॅकअप, स्नॅपशॉट, रेडची तपासणी, लॉगची फिरवाफिरव, डेटाबेसची व्हॅक्यूम, अँटिव्हायरसचं स्कॅन. शिवाय प्रत्येक क्रॅशच्या वेळी सर्व्हर किती दिवस सलग चालू होता तेही लिहा. काही दोष कालावधीलाच बांधलेले असतात. जुन्या लिनक्स कर्नलांत साधारण २०८ दिवस सलग चालल्यावर पॅनिक होण्याचा दोष होता, कारण वेळेच्या हिशोबात २ चा ५४ वा घात नॅनोसेकंद झाले की गुणाकार ओसंडायचा. तुमच्या बाबतीत तो शक्य नाही, क्रॅशमध्ये दिवसच थोडे आहेत. पण अंतरं मोजायची सवय लावून घ्या.

डंपमधली आणखी एक ओळ आवर्जून वाचा, 'टेंटेड' ची. तिथली अक्षरं या कर्नलमध्ये बाहेरचं काय शिरलंय ते सांगतात. पी म्हणजे बंद स्रोताचं मॉड्यूल, ओ म्हणजे मुख्य कर्नलच्या बाहेर बांधलेलं, ई म्हणजे सही नसलेलं, एम म्हणजे प्रोसेसरने मशीन चेकची तक्रार केली होती, डब्ल्यू म्हणजे आधी वॉर्निंग येऊन गेली होती. एम दिसला तर कोड वाचत बसू नका, सरळ हार्डवेअरकडे वळा. डब्ल्यू दिसला तर वर जाऊन ती वॉर्निंग शोधा. पी किंवा ओ असलं म्हणजे तेच मॉड्यूल दोषी असं नाही, पण ते काढून सर्व्हर चालवता येत असेल तर तो प्रयोग स्वस्त आहे आणि लवकर करावा. कर्नलमध्ये शिरलेल्या बाहेरच्या कोडची एक चूक काय करू शकते हे १९ जुलै २०२४ ला सगळ्यांनी पाहिलं. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली होती.

आता बायोस आणि रॅम एकदम बदलण्याबद्दल. समजा दोन्ही बदललंत आणि आठवडाभर शांत गेला. काय सिद्ध झालं? तुमच्याकडे सरासरी पाचेक दिवसांना एक क्रॅश आहे. क्रॅश यादृच्छिक असतील असं धरलं तर काहीही न बदलताही पाच दिवस शांत जाण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे. पंधरा दिवस शांत जाण्याची ५ टक्के. म्हणून माझा नियम: सरासरी अंतराच्या तिप्पट काळ शांत गेल्याशिवाय 'सुटलं' म्हणायचं नाही, आणि त्या काळात दुसरं काहीही बदलायचं नाही. कर्नल अपडेट केल्यावरही चौथा क्रॅश आला, ही तुमच्याकडची खरी माहिती आहे, ती जपा. क्रॅश सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात काय बदललं होतं, हेही शोधा. पॅकेज मॅनेजरच्या इतिहासात ते तारखेनिशी मिळेल.

एक अपवाद मी मान्य करतो. डेटाबेस पैशाच्या व्यवहारांचा असेल आणि आणखी एक क्रॅश परवडणारच नसेल, तर काम रेप्लिकावर (डेटाबेसच्या दुसऱ्या यंत्रावरच्या प्रतीवर) हलवा आणि हे यंत्र मोकळं करून त्याच्यावर तसाच भार चालवून क्रॅश घडवायचा प्रयत्न करा. सेवा वाचवणं आणि कारण शोधणं ही दोन कामं आहेत, आणि ती दोन यंत्रांवर झाली तर दोन्ही नीट होतात.

तेव्हा क्रम असा धरा: आज पीस्टोअर, बीएमसीचा लॉग आणि क्रॅशच्या वेळांचा कागद. आज रात्रीपासून नेटकन्सोल. पुढच्या देखभालीच्या वेळी केडंप, आणि त्याच वेळी मुद्दाम क्रॅश घडवून त्याची चाचणी. रासडीमनही बसवून ठेवा.

चालू कर्नलचं डीबगइन्फो पॅकेजही आत्ताच उतरवून ठेवा. डंप उघडायला नेमक्या त्याच बिल्डची सिम्बॉल असलेली प्रत लागते, आणि नवीन आवृत्ती आल्यावर काही रिपॉझिटरींमधून जुनी निघून जाते. पाचवा क्रॅश आला की पहिल्या 'बग' ओळीपासून 'एंड ट्रेस' पर्यंतचा मजकूर न कापता पाठवा. त्यासोबत मॉड्यूलची यादी, टेंटेडची ओळ आणि तो वेळांचा कागद. फोटो नको, मजकूर पाठवा, म्हणजे पत्ते एकेका बिटापर्यंत तपासता येतील.